ते चौकोन तेव्हा नव्हतेच!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तसा पोरखेळाचा, अगदी शब्दशः, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम्सचा. पण भांडण खरं आहे आणि ज्यांच्याशी आहे ती मंडळी संख्येने फार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे अमेरिकेत गेली काही वर्षं 'रेट्रो'ची लाट आहे. चहाच्या मगवर, टी-शर्टवर, गेलाबाजार पायमोज्यांवरसुद्धा चौकोनी चौकोनी मारिओ! जुना गेम म्हटला की तो असाच दिसला पाहिजे, लहान मुलाने लेगोच्या विटांनी रचल्यासारखा, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. आपल्याकडेही हेच चित्र पोचलंय. मोबाइलवर कुणी इम्युलेटर टाकतो, 'कॉन्ट्रा' सुरू करतो, डोळ्यांत टोचणारे चौकोन बघतो आणि म्हणतो, "बघा, आमच्या वेळचे गेम कसे ओबडधोबड होते! पण मजा यायची राव."

मजा यायची, हे कबूल. ओबडधोबड होते, हे साफ खोटं. ते चौकोन तेव्हा कुणी पाहिलेच नव्हते! ते त्या गेमचे नव्हेत, गेम मोठा करून दाखवणाऱ्याचे आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की मोठं करणाऱ्याचा दोष चित्र काढणाऱ्याच्या माथी मारणं बंद करा. आणि तोच दोष 'अस्सल' असं लेबल लावून विकणं तर त्याच्याही आधी बंद करा.

आता हे जरा मुळापासून सांगायला हवं.

इम्युलेटर म्हणजे नकलाकार. जुन्या यंत्राच्या चिप्स जे जे करायच्या ते सगळं आजच्या कॉम्प्युटरवर करून दाखवणारा प्रोग्रॅम. या कलेने फार मोठी मजल मारलेली आहे. आर्केडमधल्या यंत्रांची नक्कल करणारा 'मेम' १९९७ साली आला. सुपर निन्टेंडोची नक्कल करणारा 'बीएसनेस' २००४ च्या सुमारास सुरू झाला, आणि मूळ चिपच्या एकेका ठोक्याचा हिशोब जुळला पाहिजे असा हट्ट धरून बसला. थोडक्यात, यंत्राच्या मेंदूची नक्कल आज जवळजवळ तंतोतंत होते. प्रश्न मेंदूचा नाहीच. मेंदूने आपलं काम संपवल्यावर चित्र पूर्ण व्हायचं ते पुढे, टीव्हीत. आणि नकलाकारांनी बरीच वर्षं त्या टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आकडे बघा. सुपर निन्टेंडोचं नेहमीचं चित्र २५६ बाय २२४ ठिपक्यांचं. सेगाच्या मेगाड्राइव्हचं (अमेरिकेत त्याला जेनेसिस म्हणतात) ३२० बाय २२४. पहिल्या प्लेस्टेशनवर बहुतेक गेम ३२० बाय २४० च्या आसपास. यातलं सुपर निन्टेंडोचं घ्या. एकूण ठिपके झाले ५७,३४४. आणि आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर ठिपके असतात २०,७३,६००. म्हणजे एकाचे छत्तीस करायचे! मूळ यंत्राने एक ठिपका कुठल्या रंगाचा ते सांगितलं. उरलेल्या पस्तीस ठिकाणी काय भरायचं ते सांगितलेलं नाही. तिथे जे काही भरलं जातं ते भरणाऱ्याच्या मर्जीने. 'मी काहीच बदल केला नाही, होतं तसं दाखवलं' असं जो म्हणतो, त्याने पस्तीस ठिकाणी आपल्या मनाने रंग भरलेला असतो.

बरं, भरताना निदान समान तरी भरावा! सोपा हिशोब आहे. पडद्याची उंची १०८० ओळी, गेमच्या ओळी २२४. तुमच्याकडे १०८० लाडू आहेत आणि पंगतीत २२४ पोरं. प्रत्येकाला चार चार वाढले की १८४ उरतात. लाडू फोडायचा नाही असं ठरलं, तर १८४ पोरांना पाच मिळणार आणि ४० पोरांना चारच. म्हणजे दर पाच-सहा ओळींमागे एक ओळ इतरांपेक्षा बारीक. स्थिर चित्रात हे पटकन लक्षात येत नाही. अक्षरं थोडी वेडीवाकडी दिसतात, इतकंच. पण चित्र सरकायला लागलं की मजा बघा. भिंतीची वीट वर जाता जाता जाड होते, बारीक होते, पुन्हा जाड होते. कुंपणाच्या पट्ट्या अजगराने उंदीर गिळल्यासारख्या फुगत सरकतात. सगळं चित्र चुळबुळ करतं. नवा माणूस म्हणतो, "जुन्या गेमचं ग्राफिक्स हललं की कसं घाणेरडं दिसतं!" अरे बाबा, ते ग्राफिक्स नाही, तो तुझ्या पडद्याचा भागाकार आहे! बाकी उरली, ती तुला दिसते आहे.

हाच प्रकार बाजारात मिळणाऱ्या त्या स्वस्त, हातात धरायच्या चिनी यंत्रांवर. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचा पडदा ६४० बाय ४८०. त्यावर ३२० बाय २४० चा गेम बरोबर दुप्पट होतो, छान बसतो. पण गेमबॉय ॲडव्हान्सचा २४० बाय १६० चा गेम रुंदीभर ताणला, की गुणक येतो २.६७. काही ठिपके तीन, काही दोन. आणि मग छोट्या पडद्यावरच्या छोट्या अक्षरांची जी दैना होते ती विचारू नका.

आता जुन्या टीव्हीत काय व्हायचं ते पाहू. पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीला ठिपका ही भानगडच माहीत नव्हती. मागून इलेक्ट्रॉनचा एक झोत डावीकडून उजवीकडे ओळ ओढत जायचा, आणि येणाऱ्या सिग्नलप्रमाणे वाटेत कमीजास्त प्रखर व्हायचा. सिग्नल सलग, ओळही सलग. दोन शेजारच्या रंगांच्या मध्ये कात्रीने कापल्यासारखी रेघ कधीच नसायची. एकाचा उजेड दुसऱ्यात थोडा मिसळायचा. शिवाय उजळ भागात झोत जाड व्हायचा, अंधाऱ्या भागात बारीक. म्हणजे एकच ठिपका पांढरा असला तर मोठा दिसायचा, काळपट असला तर लहान. चौकोन कुठून येणार?

आणखी एक गंमत. अमेरिका-जपानातल्या टीव्हीचं एक पूर्ण चित्र ५२५ ओळींचं असायचं आणि ते दोन हप्त्यांत यायचं: आधी एकाआड एक ओळी, मग त्यांच्या मधल्या. गेम बनवणाऱ्यांनी ही पद्धत वाकवली. त्यांची यंत्रं दरवेळी त्याच त्या जागच्या अर्ध्या ओळी पाठवायची. त्यामुळे मधल्या ओळी कधी पेटायच्याच नाहीत, आणि दर दोन ओळींमध्ये एक बारीक काळी फट राहायची. चित्राला एक वीण यायची, हातमागाच्या कापडाला असते तशी. डोळा ती वीण विसरतो आणि आकार पूर्ण करतो.

वर्तमानपत्रातला जुना फोटो आठवा. भिंग लावलं की नुसते काळे ठिपके. हातभर अंतरावर धरला की पुढाऱ्याचा चेहरा. आता समजा कुणी त्यातला प्रत्येक ठिपका लाडवाएवढा करून भिंतीवर लावला आणि म्हणाला, "हा पाहा मूळ फोटो, यात मी काही मिसळलेलं नाही," तर तुम्ही काय म्हणाल? चौकोनभक्त नेमकं हेच करताहेत.

पुरावे द्या म्हणाल, तर पुरावे आहेत.

पहिला पुरावा, १९९१ चा 'सॉनिक द हेजहॉग'. त्याच्या पहिल्याच भागात धबधबे आहेत. मेगाड्राइव्हकडे एकूण ५१२ रंग, त्यातले एका वेळी सर्वसाधारणपणे साठेक वापरता यायचे, आणि अर्धपारदर्शक काही दाखवायची धड सोय नव्हती. मग चित्रकारांनी धबधबा उभ्या पट्ट्यांचा काढला: एक पट्टी पाण्याची, एक मोकळी, एक पाण्याची, एक मोकळी. पिवळ्या पिनच्या साध्या वायरने टीव्हीला जोडलं की त्या वायरीत आणि टीव्हीत पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि मागचा डोंगर दिसेल असं पातळ पाणी तयार व्हायचं. (सोबत थोडी इंद्रधनुषी झाकही यायची, तीही फुकट!) आज तोच गेम टोकदार चौकोनांत बघा. धबधब्याच्या जागी खिडकीचे गज! आणि त्यावर शेरा काय, तर "तेव्हा बिचाऱ्यांना पाणीही काढता येत नव्हतं." ज्यांनी नसलेली पारदर्शकता टीव्हीकडून उकळली, त्यांना आपण बिचारे म्हणतोय.

दुसरा पुरावा तर त्याहून मासलेवाईक. निन्टेंडोचं पहिलं मोठं यंत्र, म्हणजे १९८३ चं फॅमिकॉम आणि त्याचा अमेरिकी अवतार, आपल्या चिपमधून लाल-हिरवा-निळा असे आकडे बाहेर काढतच नसे. ते थेट टीव्हीचा सिग्नल तयार करायचं, आणि त्या सिग्नलचा रंग काय ते टीव्ही ठरवायचा. त्यामुळे १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधल्या आकाशाचा 'खरा' रंग कोणता, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कुणाकडे ते जांभळट निळं, कुणाकडे स्वच्छ निळं. प्रत्येक इम्युलेटर कुणीतरी तयार केलेला रंगांचा एक तक्ता वापरतो. म्हणजे 'कार्ट्रिजमध्ये आहे तस्संच दाखवतो' हा दावा रंगाच्या बाबतीत तर करताच येत नाही. आपण जिला 'कॅसेट' म्हणायचो तिच्यात चित्र नव्हतंच. तिच्यात होत्या सूचना. चित्र टीव्हीत तयार व्हायचं.

तिसरा पुरावा, १९९७ चा प्लेस्टेशनवरचा 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट'. त्यात संवादाच्या वेळी ड्रॅक्युलाचा चेहरा येतो. चौकोनांत पाहिलं तर डोळ्याच्या जागी लाल रंगाचा एक भलताच तुकडा, कुंकू सांडल्यासारखा. ट्यूबवर तोच तुकडा आजूबाजूला पसरतो आणि डोळा अंधारात पेटलेला दिसतो. या दोन चित्रांचे शेजारी शेजारी ठेवलेले फोटो इंटरनेटवर पुष्कळ फिरले आहेत. एकदा पाहून ठरवा, चित्रकार कुठलं चित्र बघून "झालं, आता हात लावू नका" म्हणाला असेल.

आणि हे फक्त टीव्हीपुरतं नाही. २००१ सालच्या पहिल्या गेमबॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. खिडकीशी बसून खेळावं लागे. म्हणून गेमवाल्यांनी रंग मुद्दाम भडक ठेवले, म्हणजे त्या अंधुक पडद्यावर ते बेताचे दिसावेत. आज तेच रंग झगझगीत मोबाइलवर आले की लग्नाच्या मांडवातल्या लाइटिंगसारखे दिसतात, आणि दोष कुणाला? गेमला!

आता भांडण कुणाशी, ते नाव घेऊन सांगतो. पहिला पंथ 'पिक्सेल परफेक्ट'वाल्यांचा. खुद्द निन्टेंडोने २०१६ साली आपल्या पहिल्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली तेव्हा तीत चित्राचे तीन पर्याय दिले. त्यातल्या एकाचं नाव 'पिक्सेल परफेक्ट', आणि त्याचं वर्णन असं, की प्रत्येक ठिपका अचूक चौरस, म्हणजे गेम जसा रचला तसाच दिसणार. साफ चूक! मूळ यंत्राचा ठिपका टीव्हीवर चौरस नव्हताच. उंचीपेक्षा तो साधारण एक सप्तमांश रुंद होता. चौरस ठिपक्यांत मारिओ एक अष्टमांशाने बारीक होतो. ज्यांनी यंत्र बनवलं, त्यांनीच ग्राहकाला आपल्याच मारिओचा चुकीचा अंगरखा 'मापाचा' म्हणून विकावा, याला काय म्हणायचं? त्याच यंत्रात टीव्हीच्या मापाचा चार-तीन पर्याय होता, टीव्हीसारखं दाखवणारा फिल्टरही होता. पण 'परफेक्ट' हा मान मिळाला तो नेमका चुकीच्या मापाला.

दुसरा पंथ गुळगुळीतवाल्यांचा. २००१ मध्ये 'स्केल टू एक्स' आलं, २००३ मध्ये 'एचक्यू टू एक्स'. शेजारचे ठिपके बघून, इथून तिरकी रेघ जात असावी असा अंदाज बांधायचा आणि पायऱ्या घासून गुळगुळीत करायच्या. २०११ च्या सिग्राफ परिषदेत कोफ आणि लिशिन्स्की यांनी तर ठिपक्यांपासून थेट वळणदार आकृत्या काढणारी पद्धत मांडली. इंजिनियर म्हणून या सगळ्यांना माझा सलाम, कारण डोकं अफाट लावलंय. पण चित्र म्हणून? दोन ठिपक्यांचा डोळा असतो, त्याचा वितळलेला थेंब होतो. दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडून चित्रकाराने तिसरा रंग सुचवलेला असतो, तिथे या पद्धतीला रेघा दिसतात आणि ती गांडुळं काढून ठेवते. मेणाचे पुतळे छान असतात हो, पण त्यांना त्या माणसाचा फोटो म्हणू नये.

तिसरा पंथ 'आणखी रेझोल्यूशन'वाल्यांचा. पहिल्या प्लेस्टेशनचे त्रिमितीय गेम इम्युलेटरवर आतूनच दसपट मोठे करता येतात. मूळ यंत्र आकृतीचा प्रत्येक कोपरा पूर्ण ठिपक्यावरच नेऊन बसवायचं, मधला कोपरा त्याला चालत नसे. २४० ओळींच्या मऊ चित्रात ही थरथर बरीचशी खपून जायची. फोर-केमध्ये कडा ब्लेडसारख्या धारदार होतात आणि आकृत्या हिवताप झाल्यासारख्या कापतात. (आता त्यावरही इलाज निघालेत, ते सोडा.) १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' मध्ये मागचे देखावे आधीच रंगवून ठेवलेली सपाट चित्रं आहेत, आणि पुढची माणसं त्रिमितीय. माणसं मोठी होऊन चकचकीत होतात, देखावे जुन्याच मापाचे राहतात. परिणाम? धुरकट पडद्यावर प्लॅस्टिकच्या बाहुल्या चिकटवल्या आहेत! शिवाय देखावे छोट्या छोट्या तुकड्यांचे जोडलेले असतात. ते मोठे करताना शेजारच्या तुकड्याचा रंग चुकून ओढला जातो आणि जोडाजोडांवर रेघा उमटतात. मूळ मापात तुकडे बेमालूम जुळायचे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. तेही बिनतोड वाटावं असं आहे, म्हणून नीट घेऊ.

"प्रत्येकाचा टीव्ही वेगळा होता. मग अस्सल कोणतं?" बरोबर आहे. युरोपात लाल-हिरवा-निळा वेगळा नेणारी वायर सर्रास मिळायची, तिच्यातून सॉनिकच्या पट्ट्या ट्यूबवरही दिसायच्या. आर्केडचे मॉनिटर घरच्या टीव्हीपेक्षा खूपच स्वच्छ. पण म्हणून काहीही चालेल असं होत नाही. एकच राग दहा गवयी दहा तऱ्हांनी गातात. त्याने अकराव्याला बेसूर गायची मुभा मिळत नाही. त्या दहा हजार टीव्हींमध्ये असा एकही नव्हता, ज्यावर एक ओळ चार मापांची, दुसरी पाच मापांची आणि कडा ब्लेडने कापलेल्या दिसायच्या.

"चित्रकार तर चौकटीच्या कागदावरच काढायचे ना? मग चौकोनच मूळ!" काढायचे. बाई दारात रांगोळी काढते तेव्हा आधी ठिपकेच मांडते. म्हणून ठिपक्यांना रांगोळी म्हणायचं का? चौकटीचा कागद हे लिखाण आहे, चित्र नव्हे. तो चित्रकार कागद मिटवून टीव्हीसमोर बसायचा, बघायचा, परत येऊन एक ठिपका हलवायचा.

"जुने टीव्ही टाकाऊ होते, त्यांच्या दोषांची आरती कशाला?" आरती कुणीच करायला सांगत नाही. फुगलेल्या कडा, घरघर, दोन माणसांनी उचलायचं वजन, हे सगळं गेलं ते बरंच झालं. पण साधनाचा दोष हिशोबात धरून जेव्हा काम केलेलं असतं, तेव्हा तो दोष कामाचा भाग होतो. तो काढून टाकायचा तर त्याने केलेलं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं.

"अहो, पण गेमच तर आहे!" हे सगळ्यात लाडकं. इथे मात्र मी जरा गंभीर होणार आहे.

२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी जाहीर केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात इथल्या कॉपीराइट कार्यालयाने, ग्रंथालयांना जपून ठेवलेले असे गेम अभ्यासकांना दूरवरून बघू देण्याची सवलतही नाकारली. म्हणजे यातल्या बहुसंख्य गेम्सची पुढच्या पिढीशी गाठ पडणार ती इम्युलेटरच्या पडद्यावर, नाहीतर पडणारच नाही. दुसरीकडे ट्यूबचे टीव्ही संपत चाललेत. जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद झालं, आणि लोकांनी आपले टीव्ही फुटपाथवर नेऊन ठेवले. आज स्टुडिओत आणि इस्पितळांत वापरलेले सोनीचे जुने मॉनिटर शौकीन शोध शोध शोधतात आणि मिळाले की जपून ठेवतात. पण ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे. गेमचा कोड जपला म्हणजे गेम जपला, असं समजून आपण निवांत बसलो, तर चाळीस वर्षांच्या चित्रकलेतून उरेल ती फक्त तिची चौकटीची वही. मग त्या वहीलाच चित्र समजून एखादा अभ्यासक लिहील, "या काळातल्या कलाकारांना गोलाई ठाऊक नव्हती." आणि त्याला खोडून काढायला कुणी उरलेलं नसेल.

बरं, इलाज महाग आहे का? मुळीच नाही! पूर्ण पटीतच मोठं करा: १०८० च्या पडद्यावर २२४ चे ८९६ करा, वरखाली थोडी काळी पट्टी राहू द्या, कुणाचं काही बिघडत नाही. पडदा भरायचाच असेल, तर आधी पूर्ण पटीत भरपूर मोठं करा आणि मग हलकेच मापात आणा. कडा केसभर मऊ होतात, पण रुंदी सगळीकडे सारखी राहते. चित्राचं माप चार-तीन ठेवा. टीव्हीभर ताणून मारिओला लाटलेल्या पोळीसारखा करू नका. आणि पडदा फोर-केचा असेल तर सोन्याहून पिवळं: २१६० भागिले २४०, बरोबर नऊ. एकेका जुन्या ओळीसाठी नऊ ओळी मिळाल्या, की झोताची जाडी, मधली फट, कडेची मऊ झाक, सगळं गणिताने उभं करता येतं. असे फिल्टर रेट्रोआर्कमध्ये आज फुकट आहेत, आणि हौशी लोकांनी ते वर्षानुवर्षं ट्यूबा निरखून बनवलेत. (हेच फिल्टर १०८० वर बेहिशेबी ताणून लावले, की पडद्यावर जाडजाड आडवे पट्टे उमटतात. तेव्हा फिल्टरला शिव्या घालण्याआधी भागाकार तपासा.) गेमबॉयचं तर आणखी सोपं. २०२१ मध्ये निघालेल्या 'ॲनालॉग पॉकेट'चा पडदा १६०० बाय १४४०, म्हणजे मूळ १६० बाय १४४ च्या बरोबर दसपट. दसपटच का, याचा त्यांनी विचार केला. इतरांना तो करायला कुणी अडवलंय?

जुने गेम पुन्हा विकून पैसे कमावणाऱ्यांकडे माझ्या मागण्या तीनच. माप बरोबर द्या, आणि तेच सुरुवातीपासून लावून द्या. ओळी जाडबारीक होऊ देऊ नका. आणि टोकदार चौकोन जरूर विका, कुणाला आवडतात तर आवडू देत, पण त्यावर 'मूळ रूप' असं लिहू नका. नव्या चित्रकारांनी चौकोनांचीच एक शैली केली, २०१४ चा 'शव्हल नाइट' त्यातला नावाजलेला. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. ती त्यांची आजची कला आहे. भांडण आहे ते आजची आवड कालच्या माणसांच्या नावावर खपवण्याशी.

आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत जी यंत्रं होती ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकलाच. अँटेनाच्या भोकात वायर खुपसून, चॅनेलचं बटण पिळून पिळून चित्र आणायचं. त्याहून वाईट जोडणी जगात नसेल! पण त्या मुंग्यामुंग्यांच्या चित्रातही मारिओ गुबगुबीत होता, पाणी पाणी होतं आणि आकाशाला एक चमक होती, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही साक्षीदार आहात. तेव्हा पुढच्या वेळी भाच्याने मोबाइलवर ते चौकोन दाखवून "मामा, तुम्ही असलं खेळायचात?" असं विचारलं, तर ओशाळून हसू नका. सरळ सांगा, "नाही रे. असलं नव्हतं ते." आणि मग त्याच्याच मोबाइलची सेटिंग उघडून भागाकार नीट करून द्या.